तासाला पाच मिली

पहाटे साडेचारला इराप्पा गवळी येतो
गंगावेशीच्या कट्ट्यावरनं थेट,
पायजम्याला शेण, हातात कडीची किटली
आणि किटलीत अजून फेस.
आयसीयूच्या काचेशी उभा राहून
रोज तेच विचारतो:
‘मॅडम, आज तरी घालायचं का दोन पेलं?’

आत गिरिजा. वय तीन, वजन अकरा किलो.
तेही अंदाजे; तिला काट्यावर ठेवता येत नाही,
म्हणून सिस्टर नदाफनी टेप लावून
टाळूपासून टाचेपर्यंत लांबी घेतली,
परकराचं कापड मोजावं तशी.
लांबीवरून मी वजन काढलं, वजनावरून कॅलरी.
श्वास मशीनचा. मनगटात सलाईन.
नाकातून पोटात गेलेली एक बारीक नळी,
तेवढी माझी.

या गावात खुराक शेरात मोजतात.
तालमीतल्या पोराच्या तांब्यात
बदाम किती पडले याची गल्लीला खबर असते.
पाहुण्यानं ताटावर आडवा हात धरला
तरी बोटांच्या फटीतून रस्सा वाढतात.
‘एवढ्यानं काय होतंय?’
इथं माया अशीच बोलते.
आणि माझ्या कागदावर: तासाला पाच मिली.
तासाला एका शेंगदाण्याची ताकद.

पहिल्या दिवशी मी त्याला समजावत बसले.
आजारातलं आतडं, रक्तातले क्षार,
उपाशी शरीरावर एकदम आलेला भार.
कागदावर पोटाचं चित्रही काढलं.
कोर्टाची नोटीस ऐकावी तसा तो ऐकत होता.
मग म्हणाला,
‘म्हंजे चार दिस न खाल्लेल्या म्हशीम्होरं
पेंडंचं घमेलं ठेवायचं न्हाई.
फुगती. मरती बी.
मूठ-मूठ द्यायचं, आन् रवंथाकडं बघत बसायचं.’
मी पेनाला टोपण लावलं.

रात्री अकराला सिस्टर नदाफ
सिरिंज जोडून हळूच मागं ओढतात.
तिघींची नजर त्या नळीत.
आज हिरवट आलं. थांबा.
दोन तास काही नाही.
एकला पुन्हा पाच.
तीनला ओढलं तर कोरडं, म्हणजे पोटानं घेतलं,
आणि आम्ही एकमेकींकडे बघून हसतो,
दुसऱ्याच्या घरचं बारसं असल्यासारख्या.

तिची आई जिन्याखाली बसून असते.
पोरगी तोंडानं घास घेईल तेव्हाच मी, असं बोललीय देवीला.
तिचं वजन कुणी विचारलेलं नाही.
माझ्या तक्त्यात तिच्यासाठी रकाना नाही.
काल मी माझा डबा तिच्यापुढं उघडला.
तिनं झाकण लावून परत दिला,
वर माझ्याच डोक्यावरून हात फिरवला.

चार नंबरच्या खाटेचा हिशेब
माझ्या वहीत अर्धाच आहे.
चौथ्या दिवशी तेराशेला भागत होते,
तेवढ्यात बोलावणं आलं.
ते पान मी फाडलेलं नाही.
उलटून पुढं लिहिते.

पाचावरून आठ. आठावरून बारा.
मध्ये जुलाब, पुन्हा आठ.
मोठे डॉक्टर राउंडला औषधांची नावं घेतात,
शेवटी माझ्याकडे वळून विचारतात, ‘फीड?’
मी म्हणते, ‘बारा, सर. पचतंय.’
एवढंच माझं भाषण.

इराप्पाचं दूध सिस्टरांच्या चहाला जातं.
परवा त्यानं एक रिकामी सिरिंज मागून नेली,
सुईशिवायची.
आज सांगत होता:
कट्ट्यावर गिऱ्हाईक पेला घेऊन उभं,
म्हस पान्हावलेली,
आणि त्यानं पहिली धार पेल्यात न धरता
सिरिंजमध्ये पाचच्या रेघेपर्यंत ओढली,
दिव्याखाली धरून बघितली.
‘किती वेळ बघत हुतो, मॅडम.
गिऱ्हाईक वरडाय लागलं.’
मग ते पाच मिली पुन्हा चरवीत सोडलं.

आज त्यानं दोन पेले मागितले नाहीत.
काचेला नाक लावून विचारलं,
‘आता किती?’
मी बोटं दाखवली, दोन्ही हातांची,
आणि मग आणखी दोन.
त्यानं मान हलवली,
आणि किटली खाली ठेवायची विसरून
तसाच उभा राहिला.